चौथं कडवं

माझ्या सगळ्यात आवडत्या गायकाला मी आयुष्यात एकदाच समोर बसून ऐकलं. कलत्या दुपारी, मुरबाडच्या बाहेरच्या एका कापलेल्या शेतात, केसांत गवताच्या काड्या अडकलेल्या अवस्थेत. आता सगळं मोबाइलवर बोट फिरवलं की मिळतं, पण त्या दुपारी मी जे ऐकलं ते कुठे मिळायचं नाही, आणि मिळालं तरी मला पुन्हा ऐकायचं धाडस होईल की नाही, शंकाच आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. त्याच्या कॅसेटी आमच्याकडे घराघरात होत्या. भिवंडीकडचा माणूस. कारखान्यात नोकरी करायचा, आणि सुटीच्या दिवशी गाणी करायचा. कॅसेटच्या वेष्टनावर गीत, संगीत आणि स्वर अशा तीन ओळी असायच्या आणि तिन्हींपुढे त्याचंच नाव. शहापूरच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटायचं. शब्दही याचे, चालही याची, गळाही याचाच. दुसऱ्याचं उसनं काही नाही. त्यानं वीटभट्टीवरच्या बाईवर गाणं केलं होतं, एसटी चुकलेल्या नवरदेवावर केलं होतं, विकायला काढलेल्या म्हशीवरही केलं होतं. म्हशीचं गाणं ऐकून आमच्या आळीतले दोन बाप्ये रडलेले मी स्वतः पाहिलेत.

मी त्याची सगळी गाणी एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवली होती. टेपरेकॉर्डर थांबवायचा, लिहायचं, पुन्हा मागे न्यायचा, पुन्हा लिहायचं. एक कानामात्रा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. लग्नाच्या मांडवात बायका त्याची गाणी म्हणायच्या आणि शब्द चुकवायच्या, तेव्हा माझं डोकं फिरायचं. मी मध्येच थांबवून दुरुस्त करायचे. "आली मास्तरीन," असं म्हणून बायका हसायच्या आणि पुढच्याच ओळीला परत तेच चुकवायच्या. मी पुढे खरोखरच शाळेत शिक्षिका झाले, त्यात त्यांचा दोष नाही.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे सासरी निघालेल्या मुलीचं. तीन कडवी होती:

बाप बांधावर उभा, खाली घालून मान,
पोर निघाली गो, सुनं झालं रान.

भाऊ हाकितो गाडी, बैलां सांगतो हळू,
पोर निघाली गो, नका आज पळू.

आय दारात उभी, पदर धरून तोंडाशी,
पोर निघाली गो, बोलू मी कुणाशी.

बस्स, एवढंच. तिसऱ्या कडव्यानंतर पेटी थोडा वेळ एकटीच वाजत राहायची आणि गाणं संपायचं. हे गाणं आमच्याकडे इतकं रुजलं की वर्ष-दोन वर्षांत कुठलीच मुलगी त्याच्याशिवाय सासरी जाईना.

आता काकीबद्दल सांगायला हवं. माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. काका गेले तेव्हा ती चोविशीची होती, मूलबाळ नव्हतं. आमचं गाव किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना लागतं, तिचं माहेर तिथून दोन टेकड्यांपलीकडे. पण ती माहेरी गेली नाही, आमच्यातच राहिली. आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं म्हटलं तरी आईला राग येणार नाही. तोंडाची फटकळ होती, हाताला विलक्षण चव होती, आणि वडे तर असे करायची की आसपासच्या दहा गावांतून लग्नाच्या आदल्या दिवशी तिला बोलावणं यायचं. आमच्याकडे लग्नाला वड्यांशिवाय चालत नाही. तांदळाचं आणि डाळीचं पीठ मळून, हातावर थापून, मोठ्या कढईत तळायचे. काकी मांडवामागच्या चुलीपाशी बसली की दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघेपर्यंत उठायची नाही. हळद लागायची ती पुढे मांडवात. तिथे काकीला कुणी बोलवायचं नाही, कारण तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. नवरीला लावायला तिचा हात चालत नव्हता, वऱ्हाडाला जेवू घालायला मात्र तोच हात लागायचा. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. वहीतल्या कानामात्रांकडे जितकं बारीक लक्ष होतं, तितकं इकडे नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात हे घडलं. बहीण निघाली, मांडवात बायकांनी ते गाणं धरलं, तिसरं कडवं झालं, आणि मागून चुलीपाशी बसलेल्या काकीनं चौथं उचललं:

चुलती चुलीपाशी, हात भरलं पिठानं,
पोर निघाली गो, डोळं पुसू कशानं.

तिनं ते जुळवून ठेवलं होतं की तिथल्या तिथे सुचलं, हे तिनं कधी सांगितलं नाही. बायकांनी ते लगेच तिच्यामागून म्हटलं, दोनदा म्हटलं. त्या लग्नसराईत ती जिथे जिथे वडे तळायला गेली तिथे तिथे हे चौथं कडवं झालं. आणि मी मात्र चडफडत होते. कॅसेटमध्ये तीनच होती. माझ्या वहीत तीनच होती.

शेवटी एकदा होळीच्या सुमारास, घरात भांडी घासता घासता ती ते गुणगुणत होती तेव्हा मी बोलले. चांगलंच बोलले. "काकी, ते गाणं त्या माणसाचं आहे. त्याचं नाव छापलेलं आहे त्याच्यावर. दुसऱ्याच्या गाण्यात आपलं घुसडायचं म्हणजे ती चोरीच झाली. त्याला कळलं तर केस करील."

केस म्हणजे काय हे आमच्या घराला चांगलं ठाऊक होतं. बांधाच्या एका वादापायी आजोबा अकरा वर्षं शहापूरच्या कोर्टात खेटे घालत होते. काकीचा हात थांबला. ती म्हणाली, "गान्यात कडवं घातलं तं काय झालं? लगनाच्या गान्यात समदी घालतात."

"लग्नाच्या गाण्यांना मालक नसतो. याला आहे."

त्यानंतर तिनं ते कडवं म्हणणं सोडलं. लग्नात तिसरं कडवं झालं की बायका वळून मागे चुलीकडे बघायच्या, आणि ती खाली मान घालून कढईतले वडे उलटत राहायची. घरातही गुणगुणणं बंद झालं. मला वाटलं, मी जिंकले. आज लिहितानाही या वाक्याची लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात बातमी आली की तो गायक मुरबाडला येणार आहे. तिथल्या एका मंडळानं कार्यक्रम ठेवला होता. संध्याकाळी वीज जायची म्हणून दुपारी तीनची वेळ. मला अन्न गोड लागेना. आमच्या आळीतल्या बायकांनी गवताचा टेम्पो ठरवला. आमच्याकडचं गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातं, त्याच टेम्पोत रिकाम्या फेरीला आम्ही सोळा जणी बसणार होतो. काकी कुठल्या कार्यक्रमाला कधी जायची नाही. त्या दिवशी ती सकाळीच न्हाऊन, इस्तरीचं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली.

"तू पण येतेस?" मी विचारलं.

"त्याला इचारायचं हाय," ती म्हणाली. "त्यानं हो म्हनलं तं म्हनीन. नाय म्हनलं तं माफी मागून मोकळी होईन. मनात भ्या ठेवून किती दिस काढायचं?"

म्हणजे मी सहज फेकलेला तो केसचा शब्द ती दहा महिने मनात घेऊन फिरत होती. मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. कार्यक्रमाच्या गर्दीत आपली काकी त्या माणसापुढे जाऊन उभी राहील आणि कडव्याचं काहीतरी बोलेल, या कल्पनेनंच मला घाम फुटला. माझं लक्ष सगळं माझ्या इभ्रतीकडे.

शेत कापून मोकळं झालेलं, धसकटं काढून जमीन चोपलेली. एका अंगाला बायकांसाठी ताडपत्र्या अंथरलेल्या, दुसऱ्या अंगाला बाप्ये उभे. स्टेज म्हणजे दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या. तीनचा कार्यक्रम, पण साडेचारपर्यंत भाषणंच चालली. प्रत्येक पुढाऱ्याला नारळ, प्रत्येकाला शाल, आणि प्रत्येकजण "मी दोनच शब्द बोलणार आहे" म्हणून माइक धरायचा. आमच्यातली एक बाई म्हणाली, "ह्यांच्या दोन शब्दांत माजी भात लावनी झाली आस्ती." त्यावर काकी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग तो आला. माझी थोडी निराशाच झाली, खरं सांगते. कॅसेटवरच्या फोटोत तो तरणाबांड, गळ्यात सोन्याची साखळी, मागे समुद्र. इथे फळ्यांवर चढला तो एक बारकासा माणूस, अंगात हातानं विणलेला स्वेटर, नाकावर चष्मा, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं लाकडी खोक्यावर पेटी ठेवली, मांडी घातली, आणि माइकवाल्याला म्हणाला, "भाऊ, तो घुमता आवाज बंद कर. माझाच आवाज मला परत नको." त्याचं हे बोलणं ऐकल्यावर माझी निराशा गेली ती गेलीच.

त्यानं आधी वीटभट्टीचं गाणं म्हटलं. कॅसेटमध्ये त्यात बासरी, व्हायोलिन, काय काय होतं. इथे फक्त पेटी, ढोलकी आणि मंजिऱ्या. आणि तरीही, किंवा त्यामुळेच असेल, मला ते गाणं पहिल्यांदा ऐकू आलं असं वाटलं. वहीत उतरवताना मी शब्द पकडत होते. इथे तो दोन शब्दांच्या मध्ये थांबायचा, समोरच्या बायकांकडे बघायचा, आणि त्या थांबण्यात भट्टीवरची ती बाई डोक्यावरचं ओझं सावरते आहे हे दिसायचं. ते थांबणं माझ्या वहीत कुठेच नव्हतं. ते कसं लिहायचं हे मला आजही माहीत नाही.

म्हशीचं गाणं म्हणताना त्यानं मध्येच गाणं सोडून सांगितलं की ती म्हैस त्याच्या आईची होती आणि गाणं झाल्यावर आईनं ते कधी पुरं ऐकून घेतलं नाही. सांगताना आवाज चढवला नाही, रडवायचा प्रयत्न केला नाही. चष्मा काढला, स्वेटरला पुसला आणि पुढचं कडवं धरलं. बाप्यांच्या बाजूला इतकी शांतता होती की रस्त्यावरून गेलेल्या एसटीचा गिअर ऐकू आला. मी मनात म्हटलं, याच्यापुढे मोठमोठाले गायक काय करतील? आजही मी त्या मतावर आहे. मला उलट सांगायला येणाऱ्यांशी मी भांडते.

मध्यंतरात फर्माइशीच्या चिठ्ठ्या मागितल्या. काकीनं माझा हात धरला. "लिव," ती म्हणाली. माझ्याकडे ती वही होतीच, सही घ्यायला नेलेली. मी शेवटचं पान फाडलं. काकी सांगू लागली आणि सांगतच राहिली:

"लिव, की दादा, तुमचं गानं आमी लगनात म्हनतो. माज्या पुतनीच्या लगनात मी त्यात एक कडवं घातलं. मला ठाव नवतं की गान्याला मालक आसतो. चोरी करायची नवती. ती पोर जायला निघाली न मला कोनी पुडं बोलावलं नाय, म्हनून तोंडातून आलं. तुमी हो म्हनलं तं म्हनीन, नाय तं आजपासून सोडलं. कायमचं सोडलं, आसं लिव."

मी मान हलवत होते. आणि मी लिहिलं: "पोर निघाली गो हे गीत म्हणावे, ही विनंती." एवढंच. एक ओळ.

का? मला वाटलं, एवढी लांबलचक चिठ्ठी स्टेजवर मोठ्यानं वाचतील, लोक हसतील, आणि माझं अक्षर म्हणून माझ्याकडे बघतील. आणि दुसरं कारण त्याहून वाईट आहे. तो "हो" म्हणाला असता तर माझी वही चुकीची ठरली असती. काकीनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि पुढच्या बाईकडे दिली. चिठ्ठी हातोहात स्टेजवर गेली.

मध्यंतरानंतर त्यानं पहिलीच ती चिठ्ठी उघडली. वाचली आणि पेटीवर ठेवली. "हे म्हणणारच होतो," तो म्हणाला, आणि सुरुवात केली. बाप बांधावर, भाऊ गाडीवर, आय दारात. ताडपत्रीवरच्या बायका हलक्या आवाजात साथ देत होत्या, त्यालाही ते आवडत होतं, मान हलवून तो त्यांना बोलवत होता. तिसरं कडवं संपलं. कॅसेटमधल्यासारखीच पेटी एकटी वाजू लागली.

आणि बायका थांबल्या नाहीत. दोन-तीनशे बायका असतील. कुठल्या कुठल्या गावच्या, आम्ही ज्यांना ओळखतही नव्हतो अशा. त्यांनी एका सुरात चौथं कडवं धरलं. चुलती चुलीपाशी, हात भरलं पिठानं. त्यांना वाटत होतं ते गाण्यातलंच आहे. त्यांना वाटलं, आता तोही म्हणेल.

मी काकीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात धरला होता. गात नव्हती ती एकटीच.

पेटी थांबली. ढोलकीवाल्यानं हात उचलला. बायकांचा आवाज थोडा पुढे गेला आणि मग एकेक करून बंद पडला. त्यानं चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "हे मी लिवलेलं नाय."

बाप्ये हसले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "परत म्हना," तो म्हणाला. आता कोण म्हणतंय? त्यानं पेटीवरचे हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसला. शेवटी मागून एका म्हातारीनं कापऱ्या आवाजात सुरू केलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनी. तो पुढे वाकून ऐकत होता. मग माइकमध्ये नाही, नुसतंच म्हणाला, पण पुढे बसल्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं: "मी बाप बघितला, भाऊ बघितला, आय बघितली. मांडवाच्या मागं चुलीपाशी कोन हाय ते बघायला मी गेलोच नाय."

मग माइकवर आला. "हे कुनी केलं?"

"आमच्यात आसंच म्हनतात," चार-पाच बायका एकदम म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते. त्यांच्यात तसंच म्हणत होते.

मला ठाऊक होतं. त्या अख्ख्या शेतात, काकी सोडून आमच्या टेम्पोतल्या बायकांना आणि मला. बायका काकीकडे बघत होत्या, ती खाली बघत होती. कुंकू नसलेली बाई चारशे लोकांत आपण होऊन उभी राहून "मी" म्हणेल, हे आमच्याकडे होत नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते माझंच काम होतं. मी शिकलेली, मी त्याची भक्त, माझ्या हातात वही. काकीनं हळूच माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, "चिट्टी वाचली त्यानं."

मी उठले नाही. उठले असते तर चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं.

"जिनं केलं तिला सांगा," तो म्हणाला, "गानं आता पुरं झालं." आणि त्यानं ते पहिल्यापासून म्हटलं. चारही कडवी. चौथ्याला त्यानं पेटी सोडली, ढोलकी थांबवली, नुसता गळा. "डोळं पुसू कशानं" म्हणून तो थांबला, तसाच, वीटभट्टीच्या बाईसारखा. मी त्याच्या सगळ्या गाण्यांत इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही. वर्षभर मी ज्या ओळी चुकीच्या ठरवत होते, त्या ऐकताना मला पहिल्यांदा काकी दिसली. चुलीपाशी बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, आणि पुढे मांडवात आम्ही सगळे.

सही घ्यायला मी गेले नाही.

टेम्पोत परत येताना बायका काकीची चेष्टा करत होत्या. "आता तुजाच फोटो छापनार कॅशेटीवर." काकी म्हणाली, "पुतनीनं चिट्टी लिवली म्हनून झालं." हे तिनं पुढेही सगळ्यांना सांगितलं. घरी, पाणवठ्यावर, ज्या ज्या लग्नाला गेली तिथे. माझ्या पुतनीनं चिट्टी लिवली म्हनून त्यानं म्हनलं. दर वेळी मला वाटायचं जमिनीत जावं. पण मी दुरुस्त केलं नाही. कानामात्रा दुरुस्त करणारी मी.

वर्षभरानं त्याची नवीन कॅसेट आली, त्यात हे गाणं पुन्हा घेतलं होतं, चारही कडव्यांचं. वेष्टनावर नेहमीच्या तीन ओळी, तिन्हींपुढे त्याचं नाव. आणि त्या गाण्याखाली बारीक अक्षरात वेगळी ओळ: चौथे कडवे पारंपरिक. त्याला कुणी विचारणार नव्हतं. खुशाल आपल्या नावावर खपवता आलं असतं. त्यानं ते केलं नाही, आणि म्हणून तो माझ्या मनात जिथे होता तिथून आणखी वर गेला.

काकीनं विचारलं, "काय लिवलंय गो?" मी वाचून दाखवलं.

"मंजे?"

"म्हणजे जुनं. पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. कुणी केलं ते माहीत नाही असं."

ती हसत सुटली. "दोन वर्सांत मी पिढ्यान्पिढ्या झाले." मग वेष्टनावरच्या त्या ओळीवर तिनं बोट फिरवलं, मी दाखवली त्याच जागी, आणि कॅसेट देवाच्या फळीवर ठेवली. मी हसले नाही. त्या दुपारी मी उभी राहिले असते तर त्या जागी तिचं नाव असतं.

माझं लग्न झालं ते दोन हजार साल उलटल्यावर. मला वाशिंदला दिलं. वडे काकीनंच केले. माझ्याच लग्नातले वडे दुसरं कोण करणार होतं? हळद लागली तेव्हा ती मागेच होती. मी आईला म्हटलं, काकीला बोलव. आई म्हणाली, ती येत नाय, उगा हट्ट करू नको. बाहेरच्या बायकांदेखत वाद नको म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवयच होती.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. दारात जीप उभी. बायकांनी गाणं धरलं. बाप बांधावर उभा. माझे वडील खरंच बाजूला जाऊन उभे होते. दुसरं कडवं, तिसरं. आईनं पदर तोंडाशी धरला होता, अगदी गाण्यातल्यासारखा. आणि चौथं सुरू झालं तशी मी वळले आणि मांडवाच्या मागे चालू लागले. "नवरी मागं कुटं चालली?" कुणीतरी ओरडलं. कुणीतरी माझा हात धरायला आलं. मी गेले.

काकी चुलीपाशी उभी होती. शेवटचा घाणा कढईत होता. हात पिठानं भरलेले, अंगापासून लांब धरलेले, आणि डोळे वाहत होते. ते पुसायला तिला खरंच काही नव्हतं.

"काकी," मी म्हटलं, "त्या चिठ्ठीत मी काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं गाणं म्हणा एवढंच लिहिलं होतं. तुझं काहीच लिहिलं नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"मी येवडं सांगितलं न कागदावर येकच ओळ. मला वाचता येत नाय, पन ओळ दिसते की."

"मग सगळ्यांना सांगत का फिरलीस, पुतणीनं चिठ्ठी लिहिली म्हणून?"

"लिवली तं होतीस. गानं म्हना, आसं लिवलंस, त्यानं गानं म्हनलं. मी खोटं काय बोल्ले?" तिनं नाक वर ओढलं. "वाटलं, कदी तरी आपन होऊन सांगशील. उशीर केलास. जा आता, जीप थांबलीय."

मांडवात बायका ते कडवं दुसऱ्यांदा म्हणत होत्या. मी शालूचा पदर हातात धरला आणि तिचे डोळे पुसले. आधी उजवा, मग डावा. हात तसेच लांब धरून ती उभी राहिली, लहान मुलासारखी, आणि तिनं मला पुसू दिलं.

"शालूला पीठ लागंल," ती म्हणाली.

लागलं.